शेळीचा बाजार : अंदाज सोडा, काटा धरा

आम्ही कापडाचे व्यापारी. शेळीचे दात पाहून वय सांगणे किंवा पाठीवर हात ठेवून वजन ओळखणे ही आमच्या धंद्यातली विद्या नव्हे. तरीही या पानावर शेळीच्या बाजाराविषयी लिहावे असे वाटले, त्याला कारण आमच्या उधारीच्या वहीतील एक पान आहे.

विष्णुपुरीच्या पुढे, नांदेडहून लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला एक लहान गाव आहे. तेथील एक मावशी अनेक वर्षांपासून आमच्या दुकानाची गिऱ्हाईक. नवरा वारलेला, दोन एकर कोरडवाहू जमीन आणि दारात पाच शेळ्या. मुलीच्या लग्नाचे कापड तिने आमच्याकडून उधारीवर नेले होते. नऊ हजार रुपये बाकी होती. पेरणीच्या तोंडावर आम्ही आठवण दिली. तिने तक्रार केली नाही. "भाई, आठ दिवसांत देते," एवढेच म्हणाली आणि आठ दिवसांच्या आत पैसे मोजून दिले. पैसे कोठून आणले असे विचारले, तेव्हा कळले की तिने दोन बोकड दारावर आलेल्या हेड्याला अकरा हजारांत दिले होते.

चार दिवसांनी आठवडी बाजारात आमच्या ओळखीच्या एका खाटीक मित्राने दोन बोकड दाखवले. मावशीचेच होते ते. एकाच्या कानावरील पांढरा ठिपका आम्ही तिच्या दारात पाहिलेला. मित्राने ते साडेअठरा हजारांना घेतले होते, आणि तरीही तो खूश होता, कारण एक सत्तावीस किलोचा आणि दुसरा एकोणतीस किलोचा भरला होता. आमची उधारी वसूल झाली खरी, पण मावशीचे साडेसात हजार रुपये चार दिवसांत रस्त्यातच राहिले. जी उधारी आम्ही समाधानाने वहीतून खोडली, ती तिच्या नुकसानीतून आली होती. त्या रात्री हिशेब लिहिताना मन लागले नाही.

हेडा चोर आहे काय?

आपल्याकडे अशा वेळी सगळा दोष मधल्या माणसावर टाकण्याची सवय आहे. आम्ही स्वतः मधलेच माणूस आहोत, म्हणून थोडे सबुरीने बोलावे लागते. हेड्यालाही खर्च असतो. तो गावोगाव मोटारसायकलवर फिरतो, एकेक नग गोळा करतो, टेम्पोचे भाडे देतो, बाजाराची फी आणि दलाली भरतो. वाटेत जनावर दगावले तर नुकसान त्याचे. रोख रक्कम तो जागेवर देतो, आणि गरजू माणसाला रोख रकमेचे मोल आपण जाणतो. हेडा नसता तर मावशीला दोन बोकड घेऊन तालुक्याच्या बाजारापर्यंत जावे लागले असते. दिवसाची मजुरी बुडाली असती, आणि भाव न पटल्यास जनावरे परत आणण्याचे भाडेही गेले असते.

तेव्हा अडचण मधल्या माणसाच्या असण्यात नाही. सौद्याच्या वेळी एका पक्षाला वजन ठाऊक असते आणि दुसऱ्याला नसते, अडचण इथे आहे. हेडा रोज वीस जनावरे हाताळतो. त्याचा हात म्हणजेच काटा. मावशी वर्षाला दोन-तीन जनावरे विकते. तिच्याकडे फक्त गरज असते, आणि ती गरज तिच्या तोंडावर लिहिलेली असते.

एक साधा हिशेब मांडू. समजा जिवंत वजनाचा भाव किलोला चारशे रुपये आहे. सत्तावीस किलोचा बोकड तेवीस किलोचा म्हणून गेला, तर मालकाचे सोळाशे रुपये गेले. जिच्याकडे वर्षाला विकण्याजोगे तीनच नग आहेत, तिचे जवळपास पाच हजार रुपये नुसत्या नजरेच्या चुकीत जातात. चारशेचा भाव आम्ही हिशेबासाठी धरला आहे, हंगामाप्रमाणे तो बदलतो. पण भाव कोणताही धरला तरी चूक नेहमी एकाच बाजूला होते, ही गोष्ट बदलत नाही.

वार गेला, मीटर आला

आमच्या वडिलांच्या वेळी कापड वाराने विकले जाई. उस्मानशाही मिलचे नाव नांदेडात मोठे होते तो काळ. देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि पुढील काही वर्षांत वाराच्या जागी मीटर आला. वडील सांगत की त्या दिवसांत बाजारात मोठी कुरबुर होती. वार म्हणजे सुमारे एक्क्याण्णव सेंटिमीटर. गिऱ्हाइकाला वाटे की दुकानदार मीटरचा भाव लावून वारभर कापड देईल. दुकानदाराला वाटे की गिऱ्हाईक वाराच्या भावात मीटर मागेल. दोघांनाही फसण्याची भीती होती. काही वर्षांत मीटरपट्टीवर शिक्का आला, लहान मूलही ती वाचू लागले, आणि भांडण मापावरून उठून भावावर आणि पोतावर गेले. व्यापार त्याने कमी झाला नाही, वाढला. आजही वैधमापन विभागाचा माणूस आमच्या मीटरपट्टीवर शिक्का मारून जातो. तो शिक्का गिऱ्हाइकासाठी आहे असे लोक समजतात. खरे तर आमच्यासाठीही तो तितकाच उपयोगी आहे, कारण संशय घेणाऱ्याशी वाद घालण्याची वेळ येत नाही.

जनावरांच्या बाजारात मात्र रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरवण्याची जुनी रीत अनेक ठिकाणी अजून आहे. बोटांची ही भाषा ज्यांना येते ते आत, बाकीचे बाहेर. आम्ही यावर हसणार नाही. आमच्या दुकानातही कापडाच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव खुणेच्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत होती. प्रत्येक धंद्याला स्वतःची बंद मूठ आवडते. पण भाव गुप्त ठेवणे वेगळे आणि माप गुप्त ठेवणे वेगळे. नापतोलात कमी देणाऱ्यांविषयी कुरआनात एक स्वतंत्र सूरह आहे, हे आपण लहानपणी मदरशात शिकलो. ती फक्त किराणा दुकानदारासाठी आहे असे कोणी समजू नये.

दुधाला माप मिळाले, शेळीला नाही

आणंदच्या दूध संघाची कथा आपण ऐकली आहे. १९४६ मध्ये खेडा जिल्हा संघ नोंदला गेला आणि पुढे त्यातून अमूल उभे राहिले. त्याविषयी बोलताना लोक मोठमोठे कारखाने आणि जाहिराती आठवतात. आमच्या मते खरी किमया गावातील दूध संकलन केंद्रावर घडली. एका म्हशीची मालकीणही सकाळ-संध्याकाळ आपले दूध घेऊन येते, ते मापले जाते, स्निग्धांश तपासला जातो, आणि त्यानुसार तिच्या नावावर पैसे लिहिले जातात. दोन लिटर आणणारी आणि वीस लिटर आणणारी, दोघींना एकच माप लागू होते. लहान उत्पादकाला बाजारात उभे राहायला एवढे पुरले.

शेळीच्या बाबतीत हे झाले नाही. आणि शेळी काही लहान बाब नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात जवळपास चौदा कोटी एकोणनव्वद लाख शेळ्या होत्या, त्यांपैकी एक कोटीहून अधिक आपल्या महाराष्ट्रात. मराठवाड्याची उस्मानाबादी शेळी तर नामांकित. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले तरी शेळी उस्मानाबादीच म्हणून ओळखली जाते. बहुतेक काळ्या रंगाची, कोरड्या हवेला आणि कमी चाऱ्याला टिकणारी, जुळी करडे देण्यासाठी प्रसिद्ध. लातूर, उदगीर, तुळजापूर हा तिचा मूळ मुलूख आणि नांदेड शेजारचे घर. गुरांमध्ये कंधारची लाल कंधारी आणि लातूरची देवणी या आपल्या भागाच्या जाती. पण एक बैल विकत घेण्याची ऐपत ज्यांची नाही, त्या घरांत शेळी असते.

२०१५ मध्ये राज्यात पशुसंरक्षणाचा दुरुस्ती कायदा लागू झाला. गाईंच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच, ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. कायदा बरा की वाईट हा या पानाचा विषय नाही. पण व्यापाराच्या दृष्टीने परिणाम स्पष्ट आहे. पूर्वी दुष्काळात म्हातारा बैल विकून शेतकरी चार पैसे उभे करी, तो मार्ग अरुंद झाला. लहान शेतकऱ्याची अडीअडचणीची बँक म्हणून शेळीवरचा भार वाढला. बँक जर शेळी असेल, तर तिच्यातून पैसे काढताना दरवेळी चौथा हिस्सा कापला जाऊ नये, एवढीच आमची मागणी आहे.

शासन शेळ्या देते, बाजार कोण देणार?

दहा शेळ्या आणि एक बोकड अशा गटासाठी अनुदानाची योजना राज्यात आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानाची २०२१-२२ मध्ये नव्याने रचना झाली, त्यात शंभर शेळ्या आणि पाच बोकडांपासून पुढच्या गटांना पन्नास टक्के भांडवली अनुदान ठेवले गेले. ज्यांच्याकडे जागा आणि भांडवल आहे त्यांनी त्याचा लाभ अवश्य घ्यावा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळाचे एक प्रक्षेत्र आपल्या नांदेड जिल्ह्यात मुखेडला आहे. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे जात आपली, प्रक्षेत्र आपले, शिक्षण आपल्याजवळ. पण मावशीसारख्या पाच शेळ्यांच्या मालकिणीला या सगळ्यानंतरही विकायच्या दिवशी दारात एकटा हेडाच भेटतो. योजना शेळी घेऊन देते आणि तेथे थांबते.

आपले बाजार कसे आहेत तेही पाहू. बाजार समित्या १९६३ च्या कायद्याखाली चालतात. धान्याच्या मोंढ्यात काटा, पावती, हमाल, तोलाई हे सर्व असते. सोयाबीनचे पोते अंदाजाने विकण्याची कल्पना आज कोणी सहन करणार नाही. जनावरांच्या अनेक बाजारांत मात्र सावली नसते, पाण्याचा हौद कोरडा असतो आणि शेळ्यांसाठी काटा कोपऱ्यातही दिसत नाही. हाळी-हंडरगुळीचा गुरांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवे, उंट आणि गुरांची केवढी उलाढाल होते! व्यापाराची परंपरा आपल्याकडे कमी नाही. परंपरेत लहान माणसाला उभे राहायला जागा किती, हा प्रश्न आहे.

ईद दरवर्षी मागे सरकते

आपल्या वाचकांना सर्वाधिक जवळचा बाजार बकरी ईदचा. या बाजाराविषयी एक गोष्ट शेतकरी बांधवांना कोणी नीट सांगत नाही, ती आपणच सांगायला हवी. चंद्राचे वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. म्हणून २०२० मध्ये बकरी ईद १ ऑगस्टला आली, २०२३ मध्ये २९ जूनला आणि २०२५ मध्ये ७ जूनला. अशीच ती मागे सरकत २०३० च्या सुमारास एप्रिलच्या मध्यावर येईल.

याचा अर्थ असा. जेव्हा ईद जून-जुलैत येत होती, तेव्हा बोकडाचा पैसा थेट बियाणे आणि खतात जात असे. आता ईद उन्हाळ्याच्या मध्यावर शिरत आहे. त्या वेळी रानात पाला नसतो, बोकडाचे वजन वाढण्याऐवजी उतरते. नेमके ज्या दिवशी भाव चढा, त्या दिवशी जनावर हलके. यावर उपाय महागडा नाही. तुरीचे आणि हरभऱ्याचे भुसकट, सोयाबीनचे कुटार हिवाळ्यातच साठवून ठेवावे. बांधावर सुबाभूळ, शेवरी, हादगा लावावा. विष्णुपुरीला शंकरसागराचे पाणी ज्यांच्या शेताला पोचते, त्यांनी उसाच्या आणि केळीच्या कडेला एवढी जागा ठेवली तर माळावरच्या शेजाऱ्यालाही चारा विकता येईल.

दुसरे, कुर्बानीच्या बोकडाला वर्ष पूर्ण झालेले असावे लागते. दोन दात आलेला बोकड गिऱ्हाईक डोळे मिटून घेतो, आदत असेल तर शंका घेतो. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. म्हणजे ईदच्या दिवशी जो बोकड विकायचा, तो आधीच्या ईदपूर्वी जन्मलेला हवा, आणि त्याची आई त्याच्याही पाच महिने आधी फळलेली हवी. सतरा महिन्यांचा हा हिशेब. ईद मेच्या उत्तरार्धात धरली, तर दीड वर्ष आधीच्या डिसेंबरात शेळी फळवावी लागते. शहरातील गिऱ्हाइकाला तारीख ठाऊक असते, गावातील शेळीवालीला नसते. आपल्या मशिदीत आणि घरात टांगलेली चंद्राची दिनदर्शिका एक प्रत जास्त छापून गावच्या बचत गटाला दिली, तरी फार मोठे काम होईल. दुकानाच्या जाहिरातीसाठी आपण दरवर्षी दिनदर्शिका वाटतोच.

ईदच्या बोकडाला फक्त वजनावर भाव मिळत नाही हे आम्ही मान्य करतो. रंग, शिंगे, कान, चाल, निर्दोष अंग यांचे मोल वेगळे. पण वजन हा पाया ठरला, तर रूपाचे मोल त्यावर चढते. पायाच नसेल तर रूपाचे पैसेही हेड्याच्या खिशात जातात.

बाजार बंद पडला की

बाजार बंद पडल्यावर काय होते ते २०२० मध्ये आपण पाहिले. महामारीमुळे जनावरांचे बाजार बंद होते आणि शासनाने ईदची खरेदी फोनवरून किंवा ऑनलाइन करावी असे सांगितले. ज्यांच्याकडे शहरातील ओळख आणि मोबाइल होता त्यांनी छायाचित्रे पाठवून विकले. बाकीच्यांचा वर्षभर राखलेला बोकड पडेल भावात गेला किंवा दारातच राहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पीमुळे राज्यात गुरांचे बाजार बंद झाले. लम्पी गाई-बैलांचा रोग, शेळीचा नव्हे. पण गुरांचा बाजार ओस पडला की चहावाल्यापासून दोरखंडवाल्यापर्यंत सर्वांना झळ लागते, आणि आमच्यासारख्या कापडवाल्यालाही.

हे फक्त आपल्याकडे होते असे नाही. आफ्रिकेत सोमालियाच्या उत्तरेला बर्बेरा बंदर आहे. तेथून हजच्या हंगामासाठी लाखो शेळ्या-मेंढ्या सौदी अरबस्तानात जातात. १९९८ मध्ये आणि पुन्हा २००० मध्ये रिफ्ट व्हॅली तापाच्या भीतीने सौदी सरकारने तेथील जनावरे घेणे बंद केले. दुसरी बंदी २००९ पर्यंत चालली. माळावरच्या लहान पशुपालकांनी एवढी वर्षे काय सोसले असेल, त्याची कल्पना करावी. बंदी उठली ती जनावरे तपासण्याची आणि काही काळ अलग ठेवण्याची सोय झाल्यावर. लहान शेतकऱ्याचा बाजार टिकवायचा तर नुसता भाव पुरत नाही, जनावर निरोगी असल्याची खात्रीही लागते, हा धडा आपल्यालाही लागू आहे.

आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची आणि ठरलेल्या वेळी पीपीआरची लस शेळीला द्यावी लागते. गावातील बायकांना प्रशिक्षण देऊन पशुसखी तयार करण्याचे काम राज्यात झाले आहे. जंताचे औषध पाजणे, लसीकरणाच्या दिवशी शेळ्या गोळा करणे अशी कामे त्या अल्प मोबदल्यात करतात. जून २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावरांची खरेदी-विक्री करू नये असा नियम राज्यात आला. काहींना तो जाच वाटला. आम्हांला वाटते की बिल्ला, पावती आणि डॉक्टरचा दाखला ही तीन कागदे व्यापाऱ्याची ढाल आहेत. रस्त्यात टेम्पो अडला तर तोंडी सौदा कामास येत नाही.

आमचा लहानसा प्रयोग

मावशीच्या प्रसंगानंतर आम्ही चार दुकानदारांनी मिळून एक काटा विकत घेतला. पिंजऱ्याची चौकट असलेला, शेळी उभी राहील असा. त्यावर वैधमापनाचा शिक्का करून घेतला आणि महिन्यातून दोन वेळा गावातील पारापाशी लावू असे ठरवले. पहिल्या दिवशी सातच जनावरे आली आणि एकही विकले गेले नाही. हेड्यांनी तिकडे फिरकायचे नाही असे आपसांत ठरवले होते. गावातील लोक आम्हांला हसले, आणि खोटे का बोला, आम्हांलाही आपण फसलो असे वाटले.

तिसऱ्या खेपेला आमचा खाटीक मित्र आला. त्याला एका ठिकाणी, एका दिवशी, वजन लिहिलेली दहा जनावरे मिळाली. गावोगाव फिरण्याचे पेट्रोल वाचले. त्याने हेड्यापेक्षा किलोमागे जास्त भाव देऊनही त्याला परवडले. विष्णुपुरीच्या परिसरात विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. लातूर रस्त्यावर हॉटेले आहेत. मटणाचे गिऱ्हाईक पाच-दहा किलोमीटरवर बसलेले असताना आमच्या बोकडांनी दूरच्या शहरांच्या टेम्पोत का चढावे? पुढे एक हेडाही आला. म्हणाला, "वजन लिहिलेलं असलं तर मलाही पुढं भांडावं लागत नाही." आमच्या वडिलांची मीटरपट्टी आम्हांला तेव्हा आठवली.

अडचणी लपवणार नाही. काही जणांनी काट्यावर चढवण्यापूर्वी शेळीला मीठ चारून पोटभर पाणी पाजले. घेणाऱ्याने तोंड फिरवले. मग नियम केला की वजन सकाळी, चारापाण्याच्या आधी होईल. गाभण शेळी मटणाच्या भावात तोलली जाणार नाही, हाही नियम केला. भाव आम्ही ठरवत नाही, फळ्यावर शेजारच्या बाजाराचा भाव फक्त लिहितो. काट्यावर उभे राहायला गावातील एक शिकलेली मुलगी ठेवली आहे, तिला नगामागे दहा रुपये मिळतात.

व्यापारी आणि कारागीर बांधवांसाठी

आमच्या अनुभवावरून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

एक, उधारी वसुलीची वेळ पाहावी. पेरणीच्या तोंडावर तगादा लावला की गिऱ्हाईक आपली शेळी कवडीमोलाने विकते. दोन महिने थांबलो तर आपला पैसा बुडत नाही, आणि तिचा बोकड पाच किलोने वाढतो.

दोन, ज्यांच्याजवळ थोडे भांडवल आहे त्यांनी व्याजाने देण्याऐवजी अर्धलीने शेळ्या द्याव्यात. आपल्या भागात ही रीत जुनी आहे. भांडवल एकाचे, सांभाळ दुसऱ्याचा, करडे निम्मी-निम्मी. इस्लामी व्यवहारात मुदारबत म्हणतात ती याच्याजवळची. पण अटी कागदावर लिहाव्यात. सांभाळणाऱ्याची चूक नसताना शेळी मेली तर नुकसान भांडवलवाल्याचे, हे आधीच लिहावे. गावात नेमके उलट होते आणि गरिबाच्या डोक्यावर मेलेल्या शेळीचे कर्ज बसते. विमा उतरवला तर दोघांनाही झोप लागते.

तीन, कातडीचा विचार करावा. ईदच्या कातड्यांवर मदरशांचे थोडेफार उत्पन्न अवलंबून असे. अलीकडच्या वर्षांत भाव कोसळल्याने अनेक ठिकाणी कातडी वाया जाते. काढताना सुरीने चिरलेली आणि मीठ न लावता तासन्‌तास पडलेली कातडी चांगल्या भावाच्या दिवसातही कोणी घेत नाही. चामड्याचे काम जाणणाऱ्या आपल्या कारागिरांनी ईदच्या आधी तरुणांना एक दिवस हे शिकवावे.

चार, बाजार समितीकडे सह्यांचे निवेदन द्यावे. शेळ्यांसाठी वेगळी जागा, सावली, पाणी, शिक्क्याचा काटा आणि पावती या पाच गोष्टींपुरतेच. समितीला फी मिळते, त्या बदल्यात एवढे मागणे जास्त नाही. निवेदनावर खाटीक, हेडा, शेतकरी आणि दुकानदार अशा चौघांच्याही सह्या असाव्यात. एकट्याने मागितलेले तक्रार ठरते.

यात आपला फायदा काय, असे कोणी विचारील. आम्ही धर्मादाय खाते चालवत नाही, दुकान चालवतो. ज्या घरात बोकडाचे दीड-दोन हजार रुपये जास्त येतात, त्या घरातून कापड, भांडी, चपला आणि शिलाईचे काम आपल्याकडेच येते. खेड्यातील पैसा शहरातील दुकानापर्यंत याच रस्त्याने चालत येतो. तो मध्येच सांडला तर आपले गल्लेही रिकामे राहतात.

मावशीने मागच्या हंगामात एक बोकड काट्यावर आणला. तीस किलो आणि वर काही ग्रॅम भरला. तिने आकडा दोनदा वाचून घेतला, खाटकाला भाव विचारला आणि तो कमी वाटल्यावर बोकड परत घरी नेला. पंधरा दिवसांनी पुन्हा आणला आणि आपल्या भावाने विकला. त्या दिवशी आमच्या दुकानात येऊन तिने नातीसाठी परकराचे कापड घेतले, तेही रोखीने. मीटरपट्टीवर आम्ही कापड मोजत असताना ती पट्टीकडे बारकाईने पाहत होती. पूर्वी ती असे कधी पाहत नसे. आम्हांला ते आवडले.